त्रिशुळाचे तीन दात

देवांच्या हातातली बाकीची हत्यारं आता कुणी बनवत नाही. सुदर्शन चक्राचं माप घेऊन कुणी लोहाराकडे गेलंय, असं माझ्या तरी ऐकिवात नाही. गदा उरली ती मारुतीच्या देवळात आणि कुस्तीच्या फडात, आणि फडातली चांदीची असल्यामुळे ती कुणाच्या डोक्यात घालण्यापेक्षा दिवाणखान्यात ठेवायलाच जास्त सोयीची. वज्र नेमकं कसं दिसतं हे दहा जणांना विचारलंत तर अकरा उत्तरं येतील. त्रिशुळाचं मात्र तसं नाही. तो अजून मापाने, वजनाने आणि आगाऊ पैसे देऊन बनवून मिळतो. आमच्या नंदुरबारात तो ट्रकच्या कपाळावर आहे, पिंपळाच्या पारावर आहे, आणि ज्या भिंतीवर 'येथे घाण करू नये' असं लिहून काही भागत नाही त्या भिंतीवर शेंदरी रंगात आहे. तिथे मात्र भागतं. नगरपालिकेच्या नियमाला न भिणारा माणूस तीन रेघांना भितो.

या तीन रेघांचा इतिहास मला शोधावा लागला तो आमच्या शेजारच्या गुरुजींमुळे. गुरुजी म्हणजे निवृत्त इतिहास-शिक्षक. इतिहास शिकवून माणूस निवृत्त होतो, पण इतिहास त्याच्यातून निवृत्त होत नाही. गुरुजींचा सिद्धान्त असा, की जगात जे जे चांगलं ते ते मुळात आपलं. विमान आपलं, शून्य आपलं (हे मात्र खरं), आणि इडलीसुद्धा, ती दक्षिणेत जाण्यापूर्वी, आपलीच. एकदा त्यांच्या नातवाच्या पुस्तकात पोसायडनचं चित्र निघालं. दाढीवाला, धिप्पाड, उघडाबंब, पायाशी लाटा आणि हातात तीन टोकांचा भाला.

"हा कोण?" गुरुजींनी मला विचारलं.

"ग्रीकांचा समुद्रदेव."

"आणि हातात काय आहे?"

"ट्रायडंट. म्हणजे त्रिशूळ."

"झालं तर मग!" गुरुजींनी पुस्तक मिटलं. "शंकर! कैलासावरून उतरला, समुद्राकाठी गेला, तिथल्या हवेने दाढी वाढली."

मी सहज म्हणून गेलो, की गुरुजी, ऋग्वेदातल्या रुद्राच्या हातात त्रिशूळ नाहीच. त्याच्या हातात धनुष्यबाण आहेत. यजुर्वेदातल्या रुद्रातसुद्धा त्याला पुन्हा पुन्हा विनवलंय ते धनुष्याची दोरी उतरव म्हणून. त्रिशूळ त्याच्या हातात पक्का बसला तो पुढे, महाभारत आणि पुराणांच्या काळात. यावर गुरुजी दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलले, कारण त्यांना माझी गरज होती. खरं म्हणजे गुरुजींना नव्हती, काकूंना होती.

काकूंचं माहेर परतवाड्याचं. त्या बाजूला महाशिवरात्रीला पचमढीची महादेवाची यात्रा करायची आणि चौरागडावर त्रिशूळ वाहायचा, ही पिढ्यान् पिढ्यांची रीत. विदर्भातली माणसं आपल्या उंचीचे, कधी एकट्याला उचलणार नाहीत एवढे वजनदार त्रिशूळ खांद्यावर घेऊन तो डोंगर चढतात. काकूंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एकाचं काम झालं, पण दुसऱ्याच्या वेळी डॉक्टर म्हणाले, पडद्याचं आत्ताच काही सांगता येत नाही, बघू या. 'बघू या' हा शब्द डॉक्टरांनी निदान डोळ्यांच्या बाबतीत तरी वापरू नये. त्या रात्री काकूंनी नवस बोलला, की दिसायला लागलं तर चौरागडला त्रिशूळ वाहीन. आणि दिसायला लागलं. पट्टी सुटली त्या दिवशी काकूंनी पहिली गोष्ट कोणती बघितली असेल, तर स्वयंपाकघराच्या छताला लागलेली जळमटं. गुरुजींचं पुढच्या आठवड्याचं वाचन बंद झालं.

नवस फेडायचा म्हटल्यावर गुरुजींनी एक व्यवहारी सूचना केली. "अगं, आपल्या जिल्ह्यात तोरणमाळ आहे. गोरक्षनाथाचं देऊळ आहे, मच्छिंद्रनाथाची गुहा आहे, महाशिवरात्रीला यात्रा भरते. सातपुडा तोच, महादेव तोच. भाडं मात्र पावपट."

"तोरणमाळला नमस्कार करीन की," काकू म्हणाल्या. "पण बोलताना मी जागेचं नाव घेतलं होतं."

गुरुजींनी प्रकाशाचंही नाव सुचवून पाहिलं. तापी-गोमाईच्या संगमावरचं गाव, दक्षिण काशी म्हणून ख्याती, केदारेश्वराचं देऊळ, आणि गुरू सिंह राशीत आला की गौतमेश्वराची बारा वर्षांनी येणारी मोठी यात्रा. काकू नुसत्या गप्प बसल्या. बायकांचं हे गप्प बसणं इतिहासात कुठेच नोंदलेलं नसतं, पण निम्मा इतिहास त्याने घडलेला आहे.

प्रकाशाचं नाव निघालंच आहे तर सांगतो. 1955 साली भारतीय पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापरांनी तिथल्या टेकाडाचं उत्खनन केलं. सगळ्यात खालच्या थरात ताम्रपाषाण युगातली वस्ती निघाली, साडेतीन हजार वर्षांपूर्वीची. रंगवलेली खापरं, दगडाची बारीक पाती, थोडं तांबं. लोखंड नाही. लोखंड निघालं ते त्याच्या वरच्या थरात. म्हणजे आमच्या तापीकाठी आधी माणसं आली, मग मडकी आली आणि लोहार मागाहून आला. गुरुजींचं म्हणणं, त्रिशूळ त्याच्याही आधी आला असणार. पण लोहाराशिवाय त्रिशूळ म्हणजे आचाऱ्याशिवाय लग्न. माझं सगळं लक्ष तेव्हापासून देवावरून उठून लोहाराकडे गेलं. प्रत्येक देवाचा त्रिशूळ कुणीतरी ठोकलेला असणार ना! तो कोण?

तर ग्रीकांकडे याचं उत्तर तयार आहे. त्यांच्या पुराणात सायक्लोप्स नावाचे एकाक्ष राक्षस आहेत. कपाळाच्या मधोमध एकच डोळा, आणि धंदा लोहारकीचा. देव आणि टायटन यांचं युद्ध जुंपलं तेव्हा त्यांनी झ्यूसला विजेचं अस्त्र करून दिलं, हेडीसला अदृश्य करणारं शिरस्त्राण दिलं आणि पोसायडनला त्रिशूळ. आपल्याकडे विष्णुपुराणात हेच खातं विश्वकर्म्याकडे आहे, आणि ती गोष्ट तर खास खानदेशासाठी लिहिल्यासारखी आहे. विश्वकर्म्याची मुलगी संज्ञा सूर्याला दिलेली. तिला नवऱ्याचा ताप सोसेना. आता बायकोला नवऱ्याचा ताप होणं ही काही पुराणातच घडणारी गोष्ट नव्हे, पण इथला ताप शब्दशः होता. ती आपली छाया घरात ठेवून रानात निघून गेली. पुढे उलगडा झाला तेव्हा सासऱ्याने जावयाला सरळ चरकावर धरलं आणि त्याच्या तेजाचा आठवा हिस्सा तासून काढला. तो जो कीस खाली पडला त्यातून विष्णूचं चक्र, शंकराचा त्रिशूळ, कार्तिकेयाची शक्ती अशी हत्यारं घडवली. आठवा हिस्सा कमी करूनसुद्धा नंदुरबारला मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो. विश्वकर्म्याने हात जरा आखडताच घेतला, असं आमच्याकडे प्रत्येकाचं मत आहे.

ग्रीकांच्या त्रिशुळामागची खरी गोष्ट मात्र राक्षसांची नसावी, कोळ्यांची असावी. पाण्यातला मासा दिसतो तिथे नसतो. प्रकाश पाण्यात वाकतो, त्यामुळे मासा असतो त्यापेक्षा वर दिसतो. एका टोकाचा भाला मारलात की तो माशाच्या शेजारी जाऊन बसतो. दोन टोकं केलीत तर मासा मधून निसटतो. चार-पाच केलीत तर भाला जड होतो आणि पाण्यात धड घुसत नाही. तीन टोकं म्हणजे नेम चुकण्यासाठी मुद्दाम ठेवलेली सवलत. भूमध्य समुद्राच्या काठचे कोळी असल्या भाल्यांनी मोठे मासे मारत. तेव्हा समुद्राच्या देवाच्या हातात काय द्यायचं हा प्रश्न त्यांना पडलाच नसेल. घरातलं हत्यार उचललं आणि दिलं. रोमच्या आखाड्यात तर एका जातीचा योद्धा सरळ कोळ्याच्याच सोंगात उतरायचा. एका हातात जाळं, दुसऱ्या हातात त्रिशूळ, आणि अंगावर चिलखत जवळजवळ नाहीच. समोरच्याला जाळ्यात पकडायचं आणि टोचायचं. लोक तिकडे हे बघायला गर्दी करत.

पोसायडनची एक फजितीसुद्धा मला फार आवडते. अथेन्स शहर कुणाचं, यावरून त्याचं आणि अथीनेचं भांडण लागलं. ठरलं असं, की जो शहराला चांगली देणगी देईल त्याचं शहर. पोसायडनने खडकावर त्रिशूळ हाणला. पाणी उसळलं. लोकांनी आनंदाने ओंजळी भरल्या, तोंडाला लावल्या आणि थुंकल्या. पाणी खारं! अथीनेने ऑलिव्हचं झाड लावलं आणि निवडणूक जिंकली. दुसऱ्या शतकातला पॉसेनियस नावाचा प्रवासी लिहून गेलाय, की त्या टेकडीवरच्या देवळात त्याला ती खाऱ्या पाण्याची विहीर आणि खडकावरची त्रिशुळाची खूण दाखवण्यात आली. खाऱ्या पाण्याची योजना काढणाऱ्याला लोक निवडून देत नाहीत, पण तिचं उद्घाटन झालेली जागा मात्र पुढे शेकडो वर्षं दाखवतात.

मी हे गुरुजींना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मासे मारायचं हत्यार? मग शंकराकडे कशाला? कैलासावर कुठे मासे?"

प्रश्न बिनतोड होता. तिसरंच एक घराणं पुढे आणल्याशिवाय त्याचं उत्तर मिळत नाही. ते म्हणजे विजेचं. जुन्या मेसोपोटेमियात अदद नावाचा पावसापाण्याचा देव होता. त्याची खूण म्हणजे दोन किंवा तीन फाटे फुटलेली वीज. आभाळातून खाली येणारी वीज बघितलीत तर ती तशीच दिसते, त्यात कल्पना लढवायचं कारण नाही. उत्तरेकडच्या हित्ती लोकांच्या वादळदेवाचं चित्रही असंच. पॅरिसच्या लुव्र संग्रहालयात सीरियातल्या तेल अहमरची एक शिळा आहे, जवळजवळ तीन हजार वर्षांपूर्वीची. तिच्यावरच्या देवाच्या एका हातात कुऱ्हाड आहे, दुसऱ्या हातात तीन टोकांची वीज आहे, आणि तो उभा आहे बैलावर.

'बैलावर' हा शब्द मी उच्चारायला नको होता.

"नंदी!" गुरुजी खुर्चीतून उठले. "अहो, नंदी! आणि नंदी म्हणजे कोण? नंदी म्हणजे नंदुरबार!"

आता नंदुरबारचं नाव नंदराजा गवळ्यावरून पडलं असं इथलं शेंबडं पोरसुद्धा सांगतं. पण त्या संध्याकाळी गुरुजींनी नंदुरबारहून एक बैल सीरियाला नेऊन पोचवला, तोही वाटेत पाणी न पाजता. मी त्यांना सांगून पाहिलं, की बैल गरजतो आणि ढगही गरजतो, तेव्हा वादळाच्या देवाला बैल हेच वाहन कुणालाही सुचेल. त्यासाठी कुणी कुणाकडून उसना घ्यायला नको. दोन गावांत दोन सासवा एकच टोमणा मारतात, म्हणून त्या एकमेकींच्या नातेवाईक ठरत नाहीत. पण गुरुजी तोवर मोहेंजोदडोला पोचले होते.

मोहेंजोदडोची ती मुद्रा तुम्हीही पाहिली असेल. 1928-29च्या उत्खननात ती मिळाली. मांडी घालून बसलेली आकृती, भोवती हत्ती, वाघ, गेंडा, म्हैस आणि डोक्यावर शिंगं. दोन बाजूंना दोन शिंगं आणि मध्ये उंच तुरा. सर जॉन मार्शलना तिच्यात शिवाचं पूर्वरूप दिसलं आणि त्या शिरोभूषणात पुढच्या त्रिशुळाचं बीज दिसलं. पुढच्या अभ्यासकांनी त्यावर बऱ्याच शंका घेतल्या. ही आकृती देवाची की माणसाची, तोंडं तीन की एकच, इथपासून वाद आहे. त्या लोकांची लिपी अजून कुणाला वाचता येत नाही, त्यामुळे मुद्रेवर नाव कोरलेलं असूनही ओळख पटत नाही. एखाद्याच्या दारावर पाटी आहे, पण ती मोडीत आहे, तशातली गत. गुरुजींना मात्र ती पाटी स्वच्छ वाचता येते.

असो. गुरुजींना मी एवढा छळलाय, तर त्यांच्या बाजूचंही सांगितलं पाहिजे. ग्रीक त्रिशूळ आपला हे दाखवता येत नाही, पण 'ट्रायडंट' हा शब्द मात्र खरोखरच आपल्या गोतावळ्यातला आहे. तो आला लॅटिनमधून. त्यातलं 'ट्राय' म्हणजे आपलं 'त्रि' आणि 'डंट' म्हणजे आपला 'दंत'. म्हणजे साहेबाच्या भाषेत त्रिशुळाला चक्क 'त्रिदंत' म्हणतात. संस्कृत आणि लॅटिन या चुलत बहिणी, हे भाषापंडितांनी केव्हाच सिद्ध केलंय. हत्यारं वेगवेगळ्या भट्ट्यांत झाली असतील, पण त्यांचे दात मोजणाऱ्या जिभा एका घरच्या. हे ऐकून गुरुजींनी मला त्या दिवशी चहाबरोबर शंकरपाळेही दिले.

आणि दोघांची गाठ खरोखर पडली तीही एका ठिकाणी, नाण्यावर. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात बॅक्ट्रियात, म्हणजे आजच्या अफगाणिस्तानच्या बाजूला, अँटिमॅकस नावाचा ग्रीक राजा होता. आता त्या मुलखात समुद्र कुठला? पण त्याच्या चांदीच्या नाण्यावर त्रिशूळधारी पोसायडन ऐटीत उभा आहे. पुढे दोन-तीनशे वर्षांनी त्याच टापूत कुषाणांचं राज्य आलं. त्यांच्यातल्या विम कडफायसिसने सोन्याची नाणी पाडली. त्यांवर कोण? हातात त्रिशूळ घेतलेला शिव, मागे नंदी, आणि खरोष्ठी अक्षरांत राजाच्या बिरुदांमध्ये महेश्वराचं नाव. बाजारात तेव्हा ही दोन्ही नाणी एका थैलीत खुळखुळली की नाही ते जाऊ द्या. पण नाण्याचा साचा कोरणाऱ्याने आधीची नाणी पाहिली असणार, असं मानायला जागा आहे. कोणी कोणाचं पाहून हात कसा वळवला, पाय कसा टेकवला, हे पंडित अजून ठरवताहेत. मला त्यात त्या कोरणाऱ्याचीच गंमत वाटते. राजा बदलला, देव बदलला, गिऱ्हाइकाची भाषा बदलली, पण तीन टोकं कोरायचा हात तयार होता.

त्रिशूळ घेऊन हिंडणारे भक्त तर त्याहून जुने. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातला पतंजली हा व्याकरणकार. व्याकरणकार म्हटलं की आपल्याला घाम फुटतो, पण हा माणूस मिस्कील होता. पाणिनीच्या एका सूत्रात 'आयःशूलिक' असा शब्द येतो. सरळ अर्थ घेतला तर लोखंडाचा शूल बाळगणारा. पतंजली म्हणतो, असा अर्थ घ्यायचा तर तो शिवभागवतालाही लागू पडेल, म्हणजे लोखंडी शूल घेऊन हिंडणाऱ्या शिवभक्ताला. पण शब्दाचा अर्थ तसा नाही. जे काम मऊपणाने होण्यासारखं आहे ते जो दांडगाईने करू पाहतो, तो आयःशूलिक. दोन हजार वर्षांपूर्वी शूल घेतलेली माणसं दारोदार दिसत होती आणि त्यांच्यावरून विनोदही होत होता, एवढं यावरून कळतं. दारावर वर्गणी मागायला येणाऱ्या मंडळाच्या पोरांना मी हल्ली मनातल्या मनात आयःशूलिक म्हणतो. मोठ्याने म्हणत नाही.

उलट हिमालयात गोपेश्वरला गोपीनाथाच्या देवळापुढे एक प्रचंड त्रिशूळ उभा आहे. माणसाच्या दुपटीहून उंच, अंगावर जुने लेख कोरलेले. तिथले लोक सांगतात, की अंगातलं सगळं बळ लावून ढकललात तर तो जागचा हलत नाही, आणि भक्ताने नुसतं बोट लावलं तर थरथरतो. पतंजलीला ही गोष्ट आवडली असती.

हे सगळं वाचून होईपर्यंत काकूंनी लोहार गाठला होता. आमच्याकडचा लोहार म्हणजे दोन मिनिटांत भाव सांगणारा आणि दोन आठवड्यांत काम देणारा. गुरुजी आणि मी गेलो तेव्हा तो ऐरणीपाशी उकिडवा बसला होता. गुरुजींनी त्याला पोसायडनपासून सुरुवात करून दिली. तो शांतपणे भाता सारत राहिला आणि शेवटी म्हणाला, "तीनच दात ना, गुरुजी? चार कयात ते दाताळं व्हई जाई."

गुरुजी म्हणाले, तीनच. सत्त्व, रज, तम. उत्पत्ती, स्थिती, लय. भूत, वर्तमान, भविष्य. लोहाराने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "देवले काय, एक बी चाली. मानसेसले तीन लागतस."

त्रिशूळ होताना मी पहिल्यांदाच पाहिला. आपण म्हणतो तीन दात, पण लोहाराच्या लेखी तुकडे दोनच. ट्रकचा जुना कमानपाटा तापवून त्याची एक पट्टी काढायची, ती दोन्हीकडून वर वाकवायची, म्हणजे बाजूचे दोन दात झाले. मधोमध भोक पाडायचं. त्यातून दांड्याचं टोक वर काढायचं, तो मधला दात. मग खालून ठोकून पक्कं करायचं. म्हणजे दोन्ही बाजूंचे दात मुळात एकच असतात आणि मधला त्यांच्यातून आरपार गेलेला असतो. यावर गुरुजींना ताबडतोब अद्वैत दिसायला लागलं, पण घणाच्या आवाजात ते कुणाला ऐकू आलं नाही. डावा दात वाकवताना पट्टी जरा निवली होती. तो थोडा बाहेर कलला आणि टोकापाशी त्याला एक हलकासा पीळ पडला. गुरुजी म्हणाले, हे सरळ करून द्या. काकू म्हणाल्या, राहू द्या.

त्याच काकूंनी देवीच्या त्रिशुळाचा किस्सा परतताना ऐकवला. महिषासुराला मारायला देवी निघाली तेव्हा सगळ्या देवांनी तिला आपापली आयुधं दिली. सप्तशृंगीच्या अठरा हातांत ती आपण बघतोच. "पण पोथी नीट ऐका," काकू म्हणाल्या. "महादेवांनी आपला त्रिशूळ दिला नाही. आपल्या त्रिशुळातून दुसरा काढून दिला. पहिला स्वतःकडेच ठेवला. अहो, ऐकताय ना?"

गुरुजी ऐकत नव्हते. ते मला बार्बाडोसचं विचारत होते. वेस्ट इंडीजमधलं हे बेट 30 नोव्हेंबर 1966ला स्वतंत्र झालं आणि त्याच्या झेंड्यावर आहे दांडा तुटलेला त्रिशूळ. इंग्रजी अमलातल्या राजचिन्हावर ब्रिटानियाबाईंच्या हातात त्रिशूळ होता, समुद्रावर सत्ता आमची अशा अर्थाने. तो यांनी मोडला आणि झेंड्यावर लावला. मोडका त्रिशूळ म्हटल्यावर गुरुजी हळहळले, पण इंग्रजांचा म्हटल्यावर शांत झाले. युक्रेनचं राजचिन्हही त्रिशूळच. कीव्हच्या व्होलोदिमिर राजाच्या हजार वर्षांपूर्वीच्या नाण्यांवर तो आहे, 1918 साली आणि पुन्हा 1992 साली तो देशाने उचलला. तो मुळात त्रिशूळ की झेप घेणारा ससाणा, यावर त्यांच्याकडेही त्यांचे गुरुजी भांडतातच. बाकी युरोपात त्रिशुळाची दशा फारशी बरी नाही. समुद्रदेवाची सद्दी संपल्यावर तसलाच काटा चित्रकारांनी सैतानाच्या हातात दिला. अकराव्या शतकात व्हेनिसच्या ड्यूककडे लग्न होऊन आलेली एक बायझंटाइन राजकन्या जेवताना सोन्याच्या दोन दातांच्या काट्याने घास उचलायची, तर पीटर डेमियन नावाच्या संताने तिच्या या चैनीवर चांगलं खरमरीत लिहून ठेवलंय. आज त्याच युरोपात काट्याशिवाय पान हलत नाही. आणि बोलोन्याच्या चौकातल्या नेपच्यूनच्या पुतळ्याचा त्रिशूळ एका मोटारीच्या कंपनीने आपल्या गाडीच्या नाकावर लावलाय. मासेराती. आमच्या ट्रकवाल्यांचं तेवढं तरी मोठ्या लोकांनी उचललं.

महाशिवरात्रीच्या आधी आम्ही निघालो. नंदुरबारहून भुसावळ, तिथून इटारसीवरून पिपरिया. त्रिशूळ बाकाखाली मावत नव्हता, बाकावर ठेवला तर टोकं वाटेत येत होती. काकूंनी तिन्ही टोकांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळल्या होत्या, त्यामुळे तो दाढदुखी झालेल्या माणसासारखा दिसत होता. तिकीट तपासनीस आले. त्यांनी विचारलं, हे काय? गुरुजी म्हणाले, "तसं पाहिलं तर याची तीन घराणी आहेत..." भुसावळ यायच्या आत तपासनीस पुढच्या डब्यात गेले होते, आमची तिकिटं न बघता.

चौरागडला तेराशेच्या वर पायऱ्या आहेत. आकडा कागदावर सोपा वाटतो. पुढे-मागे नुसते त्रिशूळच त्रिशूळ चढत होते. बोटभर, हातभर, पुरुषभर, आणि एक तर असा, की आठ जण त्याच्याखाली होते आणि नववा नुसता ओरडत होता. पुढचं टोक गुरुजींच्या खांद्यावर, मागचं माझ्या. पाचशेव्या पायरीपर्यंत गुरुजी मार्शलवर बोलत होते. सातशेव्या पायरीला त्यांनी मोहेंजोदडो सोडलं. हजाराच्या पुढे ते फक्त "हर हर महादेव" म्हणाले, तेही टप्प्याटप्प्याने. काकू आमच्यापुढे वीस पायऱ्या होत्या आणि मागे वळून "इथली पायरी फुटलीय, जपून" असं सांगत होत्या.

वर देवळाशी त्रिशुळांचं रान उभं होतं. हजारोंनी. गंजलेले, शेंदूर फासलेले, एकमेकांत अडकलेले, कुठल्या सालचे आणि कुठल्या घरचे ते त्या महादेवालाच माहीत. आमचा आम्ही त्यांत उभा केला. काकूंनी चिंध्या सोडल्या, नमस्कार केला, आणि मागून रेटा आला तसे आम्ही पुढे ढकलले गेलो. दर्शन झालं, प्रसाद झाला. तासाभराने दुसऱ्या बाजूने परत येताना गुरुजी थांबले. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला, आणि त्या लोखंडी रानाकडे बराच वेळ बघत राहिले.

"गेला," ते म्हणाले. "आता कुठला ओळखू येतोय!"

"तो काय," काकू म्हणाल्या. "त्या मोठ्याच्या मागे, उजवीकडून चौथा. डाव्या दाताला पीळ आहे, दिसत नाही का तुम्हाला?"

मी बघितलं, गुरुजींनी बघितलं. आम्हा दोघांनाही काही तो दिसला नाही. काकू कपाळावर हात आडवा धरून उन्हात उभ्या होत्या, आणि मग त्याच्या पलीकडचा कुणाचा वाकलाय, त्याच्या शेजारच्याला लाल दोरा कुणी बांधलाय, असं एकेक सांगत बसल्या.